अबलख कोणाचा

"हा घे. आजपासून तुझा," मी म्हणालो, अबलखाचा दोर वापोसच्या हातात ठेवला आणि चांगला तोंडभर हसलो.

वापोस आपल्या तंबूच्या दाराशी चिलीम खरडत बसला होता. त्याच्या मागे, आतल्या अंधारात, माझी बायको चुलीत काटक्या सारत होती. माझी म्हणजे पाच दिवसांपूर्वीपर्यंत माझी. मीकिस तिचं नाव. आमच्या बोलीत मीकिस म्हणजे मणी. पाच दिवसांपूर्वी मी शिकारीहून रिकाम्या हातानं परत आलो, तर तंबूत तिचं अंथरूण नव्हतं, सुयांची पिशवी नव्हती आणि चूल गार पडली होती. शेजारची म्हातारी माझी नजर टाळत म्हणाली, "वापोसकडे गेलीय ती." बस्स. एवढ्यावर सात वर्षांचा संसार आटोपला.

"हा?" वापोस ताडकन उठला. "अरे, हा तर तुझा शिकारीचा घोडा! याच्या जिवावर तू गवे मारलेस."

"आता गवे राहिलेत कुठे मारायला? घे मुकाट्यानं."

"कीवेतिन, गड्या, खरं सांग. तुझ्या मनात काही नाही ना?"

"मनात काय असायचंय? डाव्या बाजूनं कुणी आलं की बिचकतो, तेवढं सांभाळ."

आजूबाजूच्या तंबूंतून माणसं डोकावत होती. माझा मामा पियेसिव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघा रे पोरांनो, याला म्हणतात मन!" मीकिसनं मात्र मान वर केली नाही. तिला बहुतेक काटक्या फार ओल्या लागल्या असाव्यात.

तुम्हाला हे सगळं विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. आम्ही क्री. गोऱ्यांनी ज्या मुलखाला कॅनडा नाव ठेवलंय, तिथल्या गवताळ माळावरचे. आमच्या टोळीत लढणाऱ्यांचा एक वेगळा तंबू असायचा. त्या तंबूत बसायला मिळणं हा मोठा मान, आणि त्याचे नियमही तसेच कडक. जखम झाली तरी हूं की चूं करायचं नाही, आपण उपाशी असलो तरी आधी दुसऱ्याला वाढायचं. पण सगळ्यांत अवघड नियम बायकोचा. आपली बायको उठून दुसऱ्याकडे गेली, तर योद्ध्यानं कपाळाला आठीसुद्धा घालायची नाही. हेवा करणं हे हलक्या माणसाचं काम. खरा योद्धा आपला चांगल्यातला चांगला घोडा त्या दुसऱ्याच्या दाराशी नेऊन देतो आणि सगळ्यांदेखत हसतो. मग त्याचं नाव होतं.

माझंही नाव झालं. आत काय चाललं होतं ते विचारू नका. जळून नुसता कोळसा झाला होता माझा.

वापोस काही परका नव्हता, माझा सख्खा आतेभाऊ. पोहायला आम्ही एकत्र शिकलो, पहिला गवा आम्ही एकत्र पाडला. माझ्यापेक्षा त्याच्यात काय जास्त होतं म्हणाल, तर काहीच नाही. नेम माझा चांगला, घोड्यावर मांड माझी चांगली. पण तो लोकांना आवडायचा हो. कुठल्याही तंबूत शिरला की म्हाताऱ्या कोताऱ्या सरकून त्याला जागा करायच्या. मलाही तो आवडायचा, हीच तर पंचाईत होती. सरळसरळ द्वेष करता आला असता तर मी सुटलो असतो.

त्याचा तंबू माझ्यापासून फार लांब नव्हता. संध्याकाळी मीकिसचं हसू ऐकू यायचं. माझ्या तंबूत सात वर्षांत ती असं कधी हसली नव्हती, मी शपथेवर सांगतो. मी लाख गमती सांगायचो, ती "हं" म्हणायची. आणि बर्फ पडायला लागलं तेव्हा बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली की मीकिसला दिवस गेलेत. सात वर्षांत माझ्याकडून झालं नाही ते त्यानं पाच महिन्यांत करून दाखवलं. भेटला की मी पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचो. लोक म्हणायचे, कीवेतिनसारखा माणूस होणे नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही झाडांच्या साली उकळून प्यायलो. गवे संपले होते. करारावर आमच्या म्हाताऱ्यांनी खुणा केल्या, तेव्हा सरकारनं उपासमारीत शिधा द्यायचं कबूल केलं होतं. शिधा आलाही होता. पीठ आणि खारवलेलं मांस नदीकाठच्या कोठारात भरलेलं होतं, आणि किल्ली हॅलोरन नावाच्या माणसाच्या कमरेला होती. आम्हाला शेती शिकवायला नेमलेला साहेब तो. "काम नाही तर पीठ नाही," हे एकच वाक्य त्याला आमच्या बोलीत येत होतं. गोठलेल्या जमिनीत कसलं काम करायचं ते तो सांगत नसे. कोठाराभोवती गोऱ्यांची नवी घरं उभी राहिली होती, त्यांच्या धुराड्यांतून भाजलेल्या पावाचा वास यायचा. आमच्यातली नऊ पोरं त्या हिवाळ्यात गेली.

मग दक्षिणेकडून निरोप आला की तिकडच्या लोकांनी सरकारविरुद्ध हत्यारं उचललीत. त्याच दिवशी आमच्या तरुणांनी योद्ध्यांचा तंबू उचलला आणि छावणीच्या मधोमध आणून उभा केला. तंबू मध्ये आला म्हणजे म्हाताऱ्या सरदाराचा शब्द संपला आणि युद्धनायकाचा सुरू झाला, अशी आमची रीत. युद्धनायक होता पियेसिवमामा. त्यानं सांगितलं, "उद्या उजाडता उजाडता कोठार फोडायचं. बंदुका घ्यायच्या, माणसं धरून आणायची. पण कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. आपल्याला पीठ हवंय, रक्त नको."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होत असताना मी तोंडाला पिवळी माती फासत होतो, तर वापोस अबलखाला घेऊन आला. त्याच्या तोंडाला रंग नव्हता.

"तू हा घेऊन जा," तो म्हणाला. "तुझी घोडी नुसती हाडं झालीय. हा तुझा हात ओळखतो."

"आणि तू?"

"मीकिसला कळा सुटल्यात मध्यरात्रीपासून. मूल आडवं आहे म्हणतात." त्यानं डोळे पुसले. "मी येतो मागून चालत."

तो येणार नाही हे मला कळलं होतं, त्यालाही कळलं होतं. हल्ल्याच्या दिवशी योद्धा मागे राहिला तर जन्मभर बायका त्याच्यावर गाणी रचतात. आणि आमच्यात बाळंतिणीच्या तंबूजवळ पुरुष फिरकतसुद्धा नाही; मागे राहून तो करणार तरी काय होता? मी सात वर्षांत तिच्यासाठी असं एकदाही मागे राहिलो नव्हतो. तो विचार मनात आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या पोटात त्याचं मूल, त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि मी आपला माझाच दिलेला घोडा उसना घेऊन चाललोय!

"जा तू तिकडे. मामाला मी सांगतो काहीतरी," मी म्हणालो. केवढा मी मोठ्या मनाचा!

कोठाराकडे आम्ही चौघेच गेलो. मामा, त्याचे दोन मुलगे आणि मी. बाकीचे घरांकडे पांगले. मामानं मला एकट्याला मागच्या बाजूनं पाठवलं. मी कोठाराच्या कोपऱ्यावरून वळलो, तर मागच्या दारात हॅलोरन उभा. अंगात नुसता सदरा, एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात बंदूक. ती त्यानं उचलली होती की नुसती धरली होती, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. मला सकाळपासून कुणालातरी मारावंसं वाटत होतं, तेवढं मला पक्कं आठवतं. मी गोळी झाडली. तो दारातच बसला आणि मग आडवा झाला. वरच्या खिडकीत त्याची बायको होती. मी वर पाहिलं, तिनं खाली पाहिलं. तिला काय दिसलं असेल? पिवळं तोंड आणि अबलख घोडा.

मामानं मला घोड्यावरून खाली ओढलं आणि फाडकन मुस्काटात मारली. "काय सांगितलं होतं मी? आता आपल्याला पीठ पचायचं नाही!"

छावणीत परत आलो तेव्हा वापोस धावत समोर आला. त्यानं मला मिठीच मारली. "मुलगा! कीवेतिन, मुलगा झाला! दोघं बरी आहेत!"

"मी हॅलोरनला मारलं," मी म्हणालो.

त्याचे हात सैल पडले. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कुणी पाहिलं?"

"त्याच्या बायकोनं. तोंड नाही ओळखायची ती. घोडा ओळखेल."

"असू दे. आता हे कुणाजवळ बोलू नकोस. मामाला आणि त्याच्या पोरांनाही सांगतो मी." आणि मग त्या बाबानं मला पोर दाखवायला नेलं. मी बाहेर उभा राहिलो, त्यानं ते कातड्यात गुंडाळून आणलं. लालभडक, रडून रडून थकलेलं पोर. "बघ, कपाळ तुझ्यासारखं आहे," तो म्हणाला. आतेभावाच्या मुलात घराण्याचं कपाळ येऊ शकतं, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. मला मात्र ते पोर त्याच्या हातातून घ्यावंसं वाटलं आणि पुन्हा कधी देऊच नये असं वाटलं.

पुढे व्हायचं तेच झालं. सैनिक आले, तोफ आणली. टेकडीच्या कडेवर खड्डे खणून आम्ही एक दिवस त्यांना अडवलं. पियेसिवमामा आणि त्याचे दोघे मुलगे तिथेच पडले, एकाच गोळ्यानं. नंतर दीड महिना आम्ही दलदलीतून, रानातून पळत राहिलो. अबलखही त्या पळापळीत भुकेल्या माणसांनी कापून खाल्ला, मीही खाल्ला. शेवटी त्राण उरलं नाही, तेव्हा शरण जायला आम्ही सैनिकांच्या तळाकडे निघालो.

त्या सकाळी आमच्यात सुक्या मांसाची एकच पट्टी उरली होती, ती मीकिसजवळ. तिनं ती मोडली. अर्धी वापोसला दिली, अर्धी आपण चावत बसली, पोराला दूध यायला हवं म्हणून. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मला नको होतं हो मांस. तिनं एकदा माझ्याकडे बघून "तुला?" एवढं म्हटलं असतं, तरी मी नाहीच म्हणालो असतो. तिनं बघितलं नाही. वापोसनं त्याच्या अर्ध्यातला तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि गिळला. आयुष्यात इतकं कडू मी काही खाल्लं नाही.

तळावर आम्हाला ओळीनं जमिनीवर बसवलं. टेबलामागे एक अधिकारी, त्याच्या शेजारी दुभाषा. हॅलोरनची बायकोही आली होती, काळ्या कपड्यात. ती ओळीवरून फिरली आणि तिनं मान हलवली. तोंड तिला कुणाचंच ओळखता येत नव्हतं. मग अधिकाऱ्यानं कागदातून वाचलं, आणि दुभाष्यानं माझ्यासमोर येऊन विचारलं, "पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा घोडा कीवेतिनचा, असं कोठाराजवळच्या वस्तीतला दुकानदार सांगतो. कीवेतिन तूच ना?"

"हो."

"तो घोडा तुझा?"

खरं सांगतो, मला मरणाची भीती नव्हती. दीड महिना उपाशी राहिलेल्या माणसाला मरणाचं काय कौतुक? पण मी जरा मान वळवली, तर दोन माणसं सोडून मीकिस बसली होती. तिचं डोकं वापोसच्या खांद्यावर होतं आणि डोळे मिटलेले होते. दमून भागून घरी आलेलं माणूस टेकतं, तशी टेकली होती.

"माझा होता," मी म्हणालो. "गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी तो वापोसला दिला. कुणालाही विचारा."

दुभाष्यानं विचारलं. आणि माझे लोक, बिचारे माझे लोक, एकेक करून सांगायला लागले. हो, दिला. आमच्यासमोर दिला. बायको गेली तरी दिला, असा माणूस आहे तो. एका म्हातारीनं तर डोळे पुसत सगळी हकीकत सांगितली. उपासमारीनं गळून गेलेल्या त्या लोकांजवळ अभिमानानं सांगण्यासारखं तेवढंच काहीतरी शिल्लक होतं. दुभाषा बोलत गेला आणि अधिकारी लिहीत गेला.

"वापोस कोण?"

वापोस उठला. मीकिस दचकून जागी झाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

"घोडा तुझा?"

"माझा."

"त्या दिवशी त्याच्यावर तू होतास?"

"माझ्या घोड्यावर दुसरं कोण असणार?" वापोस म्हणाला.

त्याला फाशीची शिक्षा झाली. पानगळ सुरू झाली तेव्हा मला एकदा भेटू दिलं. मधे गज होते, शेजारी शिपाई होता, पण त्याला आमची बोली येत नव्हती. मी ठरवून गेलो होतो की सगळं बोलून टाकायचं. म्हणायचं, मला शिव्या दे, थुंक माझ्यावर, ओरडून सांग सगळ्यांना. त्यानं मला तोंड उघडूच दिलं नाही.

"आलास? बरं झालं. मला वाटलं, तू मनाला लावून घेशील आणि यायचाच नाहीस," तो म्हणाला. "हे बघ, तुझ्या तोंडून निघून गेलं. भुकेनं माणसाचं डोकं चालत नाही. मी समजलो."

"वापोस, मी..."

"ऐक ना. तू अबलख आणून दिलास ना, त्या दिवशी मी रात्रभर झोपलो नाही. मी तुझी बायको नेली आणि तू हसत घोडा दिलास. मी असतो तर मला जमलं नसतं, खरंच सांगतो. मी मीकिसला म्हटलं, या माणसाचं ऋण मी कसं फेडू? आता फिटलं. तेव्हा तू खाली मान घालून बसू नकोस."

माझ्या तोंडावर आलं होतं. वेड्या, मी हसत होतो पण आत तुझा गळा घोटत होतो. तो घोडा मी तुला दिला नाही, लोकांना दिला, लोकांनी वा म्हणावं म्हणून दिला. एवढं बोललो असतो तर कदाचित त्यानं शिपायाला हाक मारली असती, आणि आज ही गोष्ट सांगायला तो असता. मी बोललो नाही. तो मला मोठा समजत होता, आणि तेवढं एक मला त्याच्याजवळून गमवायचं नव्हतं.

"मीकिसला आणि पोराला तुझ्याकडे ने," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हवाली करायला माझा जीव होत नाही."

नेलं. म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं की नाही? ती माझ्याकडे परत आली, पोरगा मला बाबा म्हणायला लागला. तीस वर्षं ती माझ्या घरात राहिली. रांधलं, शिवलं, आजारपणात माझे पाय चेपले. कधी एक शब्द वाकडा बोलली नाही. वापोसचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही, आणि मी मनात म्हणायचो, विसरली. काळ गेला की माणूस विसरतं. मला बरं वाटायचं. कधी पोरगा त्याच्यासारखा मान मागे टाकून हसला की मी उठून बाहेर जायचो, एवढंच.

परवाच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी पोरगा लाकडं आणायला गेला होता. मी तिच्या उशाशी बसलो होतो, आणि मला काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. "मीकिस, त्या दिवशी अबलखावर मी होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं तापात बडबडतेय. "काय माहीत आहे?"

"तो सकाळभर माझ्या तंबूच्या मागे बसला होता. सुईण हाकलत होती, तरी उठला नाही. पुढे दलदलीत तीही गेली. कातड्याच्या पलीकडून बोलत होता माझ्याशी. मूल बाहेर येईपर्यंत बोलत होता."

"मग तळावर तू बोलली का नाहीस? एका शब्दानं तो सुटला असता!"

"मी उठत होते. त्यानं माझा हात दाबून धरला." ती थांबली, श्वास घेतला. "नंतर तुरुंगात त्यानं मला शपथ घातली. म्हणाला, तुला ठाऊक आहे हे कीवेतिनला कधी कळू देऊ नकोस. त्याला तोंड वर करता यायचं नाही. तो म्हणेल तसं वाग, नीट राहा त्याच्याकडे."

"आणि म्हणून तू? तीस वर्षं?"

"त्यानं सांगितलं होतं ना," मीकिस म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हे तिला कळेचना.

तिसऱ्या दिवशी ती गेली. लोक भेटायला आले, म्हणाले, असा संसार कुणाचा झाला नाही. मी मान हलवली. त्या माणसाच्या एका शब्दावर तिनं तीस वर्षं माझ्या घरात काढली. त्याआधी सात वर्षं ती माझ्या शब्दावर होती, आणि एक दिवस अंथरूण उचलून चालती झाली होती.